पायाळूचे बूट

हिरडीटोला, ता. अर्जुनी मोरगाव
१२ सप्टेंबर २००६

प्रिय रचना,

गोंदियाच्या होस्टेलात तुझ्या अक्षराला मी फार हसायची. आज त्याच अक्षराची वाट पाहणार आहे. घरी फोन आहे, पण तो ओसरीत आहे, आणि मी बोलायला लागले की सगळं घर कान देऊन बसतं. म्हणून हे पत्र.

२७ ऑगस्टला मला मुलगी झाली. आधी डोकं नाही, पाय आले. दोन्ही पाय घोट्यातून आत वळलेले आहेत. टाचा वर चढलेल्या आणि तळवे एकमेकांसमोर, नमस्काराला हात जोडावेत तसे. डॉक्टर म्हणाले, नागपूरला हाडांच्या डॉक्टरला दाखवा. मामीजींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ते पटलेलं नाही. "पोटात जागा कमी पडली म्हणून मुडपले, तेल लावून सरळ करू," असं म्हणून त्या रोज जवसाच्या तेलाने चोळतात. पोर किंचाळते.

दुसरी गोष्ट ऐकून तू हसशील. आमच्या गावात चाळीस वर्षांत पायाकडून जन्मलेलं मूल नव्हतं. पायाळूचा पाय पाठीला लावला की भरलेली चमक जाते, हे तुला माहीत आहे. बाराव्या दिवशी पाळणा बांधत नाही तोच शेजारचे सुखरामकाका कंबर धरून हजर. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पोरीला उचललं आणि तिचा पाय काकांच्या पाठीला लावला. काका सरळ उभे राहिले, हात जोडले आणि गेले. सगळे खूश. पण मागच्या अंगणात त्यांची बायको बोलली ते मी ऐकलं: "गुण पायाचा आहे वो, पण पाय कुठी आहेत?"

तू लहान मुलांच्या हाडांच्या वॉर्डात नर्स आहेस. मला एवढंच सांग, खुशबू चालेल का?

तुझी,
रविता


नागपूर
१८ सप्टेंबर २००६

प्रिय रविता,

चालेल. धावेल. आता पुढचं वाच.

आमच्या प्लास्टरच्या खोलीत अशा पायांची मुलं दर मंगळवारी येतात. हा दोष जन्मत:च असतो. तू काही खाल्लंस, वाकलीस, ग्रहणात बाहेर गेलीस म्हणून तो होत नाही. कोणी तसं म्हटलं तर माझं नाव सांग.

डॉक्टर हाताने हळूहळू पाय वळवतात आणि मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्याला ते काढून, पाय आणखी थोडा वळवून नवं घालतात. पाच-सहा वेळा. मग टाचेमागची घट्ट शीर एका बारीक छेदाने सैल करतात, ती तीन आठवड्यांत लांब होऊन भरून येते. त्यानंतर खास बूट. बहुतेक मुलांना मोठं ऑपरेशन लागत नाही.

तेलाने पाय सरळ होणार नाहीत. मामीजींना दुखवू नकोस, पण चोळणं थांबव आणि लवकर ये. हाडं जितकी कोवळी तितकं सोपं.

रचना


हिरडीटोला
१० नोव्हेंबर २००६

प्रिय रचना,

तू "लवकर ये" लिहिलंस आणि मी तीन ऑक्टोबरला पोचले, त्याबद्दल तू तोंडावर काही बोलली नाहीस. कारण आता सांगते. मामीजी अडून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं, पायावर चुना चढवला की पायाचा गुण मरतो. यांनी, म्हणजे दुर्गेशनी, नेहमीप्रमाणे ट्रॅक्टर काढला आणि शेतात निघून गेले. शेवटी मामाजी उठले, कोट घातला आणि म्हणाले, "गुण गेला तं जाऊ दे. पोरीले चालता आलं पायजे. चाल बेटा, साकोलीची गाडी पकडू." तेव्हापासून दर मंगळवारी तेच पोरीला मांडीवर घेऊन बसतात. कंडक्टर आता विचारतो, "का जी, आज कितवं प्लास्टर?"

पाच झाली. मंगळवारी नवं घातलं तेव्हा पाय बाहेरच्या बाजूला वळलेले दिसले आणि मला रडू आलं. तू पाठ फिरवून पट्ट्या भिजवत होतीस, पण मी पाहिलं, तूही नाक पुसलंस.

गावातल्यांची पंचाईत झाली आहे. धानाची कापणी चालू, त्यामुळे रोज कोणाची तरी कंबर धरते. केवलराम काल म्हणे, "प्लास्टरच लावून द्या पाठीले, आतमंदी पाय तं आहे ना?"

शीर सैल करतात तेव्हा पोरीला फार दुखतं का? खरं सांग.

रविता


नागपूर
२२ डिसेंबर २००६

प्रिय रविता,

फार दुखलं नाही, हे आता तूच पाहिलंस. ती आईपेक्षा कमी रडली.

मंगळवारी गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. हे पत्र घरात सगळ्यांना वाचून दाखव. दोन्ही बूट मधल्या पट्टीला जोडलेले आहेत, ते तसेच राहू द्यायचे. तीन महिने दिवसाचे तेवीस तास बूट पायात हवेत. आंघोळीपुरता एक तास काढायचे. त्यानंतर रात्रीचे आणि दुपारच्या झोपेचे, चार वर्षांची होईपर्यंत. पहिले दोन-तीन दिवस ती चिडेल, मग विसरेल. टाच बुटात खालपर्यंत टेकली पाहिजे आणि पट्टा घट्ट हवा.

जानेवारीत तुझी रजा संपते. तू शाळेत गेल्यावर दिवसभर बूट कोण सांभाळणार, ते आत्ताच ठरव.

रचना


हिरडीटोला
२८ जानेवारी २००७

प्रिय रचना,

काळजी करू नकोस. मी साडेदहाला शाळेत जाते आणि पाचला येते. जाताना बूट पायात, येताना बूट पायात. दिवसभर खुशबू मामाजींजवळ असते. तुझं पत्र त्यांनी घडी करून कोटाच्या खिशात ठेवलं आहे. "तू तुझ्या शाळेतले पोरं पाह्य, इथलं मी पाह्यतो," असं ते मला रोज म्हणतात. मामीजींचाही विरोध मावळला. गंमत म्हणजे त्या आता बुटांचे पट्टे माझ्यापेक्षा भराभर लावतात.

आणि गावाचं प्रेम काय सांगू! घरी आले की ओसरीत काही ना काही ठेवलेलं असतं. कधी वालाच्या शेंगा, कधी लाखोळीची डाळ, एकदा तर जिवंत कोंबडा. विचारलं की मामीजी म्हणतात, पोरीसाठी दिलं. बाळंतपणात जी माणसं खिडकीतून डोकावून हळहळायची, ती आता पोरीला हात जोडतात. पाय सरळ झाले की लोकांची मनंही सरळ होतात बहुतेक.

सध्या इटियाडोह धरणाचं पाणी सुटलं आहे, उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे. सगळं गाव कमरेत वाकलेलं आणि मी एकटी ताठ. मजेत आहे.

रविता


नागपूर
७ मार्च २००७

प्रिय रविता,

काल तपासणीत डॉक्टरांनी डावा पाय दोन-तीनदा वळवून बघितला, ते तू पाहिलंस. उजवा पाय ठीक आहे. डावा परत आत वळायला लागला आहे आणि टाच वर सरकते आहे. डिसेंबरात तो माझ्या हातात पूर्ण बाहेर वळत होता. असं होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. बूट ठरल्याइतका वेळ घातले जात नाहीत.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू पटकन म्हणालीस, "तेवीस तास." रविता, डाव्या पट्ट्याचं एक भोक ताणून लांबट झालं आहे. दिवसातून एकदा काढ-घाल करून ते तसं होत नाही. मी हे बूट रोज हाताळते.

मी तुला दोष देत नाही. शाळा, घर, रडणारी पोर, समजतं मला. पण मला खोटं सांगू नकोस. उपाय आहे, पण खरं कळल्याशिवाय तो टिकणार नाही. पुन्हा तसंच झालं तर पुढे ऑपरेशन टाळता येईलच, असं मी म्हणू शकत नाही.

रचना


हिरडीटोला
१२ मार्च २००७

रचना,

मी खोटं बोलले नाही. माझ्या पोरीच्या पायाबद्दल मी खोटं बोलेन, असं तुला वाटलंच कसं? मी रात्री तीनदा उठून पट्टे तपासते. भोक लांबट झालं असेल तर तुमचं चामडं कच्चं असेल. प्लास्टरही कच्चं असेल.

तुझं पत्र मी घरात मोठ्याने वाचलं. मामीजी चुलीपाशी उठून गेल्या. मामाजी जेवले नाहीत. म्हाताऱ्या माणसाने दर मंगळवारी कंबर मोडून प्रवास केला, त्याचं हे फळ.

पुढच्या मंगळवारी येऊ, कारण पोरीसाठी यावंच लागेल. आपल्यात बोलण्यासारखं आता काही नाही.

रविता बिसेन


हिरडीटोला
१४ मार्च २००७

रचनाबाईस हीरालाल बिसेनचा नमस्कार.

मी सातवीपर्यंत शिकलो. चूकभूल माफ कर. हे पत्र सूनबाईला माहीत नाही. मी स्वत: अर्जुनीला येऊन पेटीत टाकतो आहे.

सूनबाई खरी आहे. बूट मी काढत होतो.

ती शाळेत गेली का अकरा वाजतापासून लोक यायचे. कोणी पोते उचलून, कोणी रोवणी करून. मी बूट काढायचा, पोरीचा पाय त्याईच्या पाठीले लावायचा. एक गेला का दुसरा. दर वेळी काढ-घाल कोण करते, म्हणून मंग चार वाजेपर्यंत पाय मोकळेच ठेवायचो. ती येण्याच्या आधी माझी घरवाली धनवंता पट्टे बांधून द्यायची. तुझं पत्र खिशात होतं. मले वाटे, पाय तं सरळ झाले, आता बूट म्हणजे नुसता पहारा.

शेंगा अन् डाळीसाठी केलं नाही, बाई. आमच्या घरी खायला आहे. पोरगी झाली तेव्हा लोक दारातून पाहून जायचे अन् "लंगडी" म्हणायचे. मी कानाने ऐकलं. तेच लोक आता तिच्यापुढे वाकून राहिले होते. टिकाराम पाटलाने तिच्या पायाले डोकं लावलं. मले लय बरं वाटलं. वाटलं, आता हिले कोणी लंगडी म्हणणार नाही.

आता जे सांगतो ते धनवंतालेही सांगतलं नाही. माझीही कंबर जुनी दुखते. सगळे गेले का मी पालथा पडायचो अन् धनवंता पोरीले काखेत धरून माझ्या पाठीवर उभी करायची. पौषात दोन्ही तळवे पुरे लागायचे, गरम भाकरीसारखे. शिवरात्रीच्या सुमाराले डाव्याची नुसती बाहेरची कड लागायला लागली. टाच लागेचना. तुमच्या डॉक्टरच्या आधी माझ्या पाठीले समजलं होतं. पंधरा-वीस दिवस मी समजून चूप राहिलो. मनाले म्हणायचो, पोरगी हलून राहिली, म्हणून तसं लागते.

सूनबाई तुझ्यावर रागावली ते माझ्या पापाने. तिले सांगायची हिंमत होऊन नाही राहिली. पाय आता सुधरते का, ते लिही. नाही सुधरत असन तं तेही लिही.

हीरालाल बिसेन


नागपूर
१७ मार्च २००७

आदरणीय काकाजी,

नमस्कार. आधी उत्तर: सुधारतो. पोर साडेसहा महिन्यांची आहे, हाडं कोवळी आहेत. डाव्या पायाला पुन्हा दर आठवड्याला प्लास्टर घालू, तीन लागतील, कदाचित चार. मग बूट पुन्हा पहिल्यापासून, तीन महिने तेवीस तास. तुम्ही लिहिलंत म्हणून मी हे एवढ्या खात्रीने सांगू शकते. कारण कळलं नसतं तर आम्ही प्लास्टर घातलं असतं आणि तुम्ही परत बूट काढले असते.

माझीही चूक आहे. मी तुम्हाला तास सांगितले, पण बूट काढले तर काय होतं ते सांगितलं नाही. पाय सरळ झाला तरी वाकडं वळण तो चार वर्षं विसरत नाही. बूट म्हणजे पहाराच आहे, तुमचा शब्द अगदी बरोबर. पहारेकरी जेवायला गेला, एवढंच झालं.

पाठीबद्दल तुम्हाला एक गुपित सांगते. माझे बाबा, ताराचंद मेश्राम, असल्या समजुतींवर भर सभेत भाषणं देतात. पण एकदा चमक भरली तेव्हा वडसाच्या एका पायाळू बाईकडे टोपी डोळ्यांवर ओढून गेले होते. आई, कलाबाई, अजून त्यांना चिडवते. चमक तीन-चार दिवसांत आपोआप उतरते, काकाजी. लोकांना गरम पाण्याने शेकायला सांगा आणि पोते दोघांनी मिळून उचलायला सांगा.

रविताला मी काही कळवणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. मंगळवारच्या आधी.

तुमची,
रचना


हिरडीटोला
२० मे २००७

प्रिय रचना,

मार्चातल्या त्या मंगळवारी तुला पाहिल्यावर मी आधी हात धरले आणि मग रडले, तेव्हा तू म्हणालीस, "प्लास्टर भिजेल, बाजूला हो." तेवढ्यावर आपलं भांडण मिटलं. पण लिहून माफी मागायची राहिली होती. मागते. चामडं कच्चं नव्हतं.

मामाजींनी त्याच्या आदल्या दिवशी जेवताना सांगितलं. ताटात भात कालवत, माझ्याकडे न बघता. मामीजी म्हणाल्या, "मीपण होती, एकट्यानं कायले आपल्यावर घेता?" मी उठून आत गेले. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारावर खडूने लिहिलेलं दिसलं: "चमकेचे काम बंद. पोरगी चार वर्षांची झाल्यावर विचारावे." दुर्गेश एवढे हसले की ट्रॅक्टर चालूच राहिला.

केवलराम तरी आलाच. म्हणाला, "बुटासकट लावा, मले चालते." मामाजींनी लावलं. मधली पट्टी अशी बसली की तो ओरडत पळाला. तेव्हापासून कोणी येत नाही.

चार प्लास्टर झाली. नवे बूट मामाजी घालतात आणि दर तासाला बोट घालून टाच टेकली का ते पाहतात. पोरगी वैतागते. मी वैतागत नाही.

रविता


(पोस्टकार्ड)
हिरडीटोला
२ डिसेंबर २००७

रचना, आज खुशबू ओसरीतून तुळशीपर्यंत चालली. नऊ पावलं. डावा पाय किंचित आत वाटला, की मला भीतीने तसं दिसलं, सांगता येत नाही. बूट चालू आहेत. जानेवारीत दाखवायला येतो. — र.


हिरडीटोला
६ मार्च २०११

रचनाबाईस हीरालाल बिसेनचा आशीर्वाद.

तू आता कामठीला सासरी, म्हणून पत्ता सूनबाईकडून घेतला. दिवाळीआधी डॉक्टरांनी बूट सोडले ते तुला माहीत आहे. "आता पुरे," म्हणाले. तरी मी पाच महिने तुला लिहिलं नाही. डॉक्टर म्हणाले ते ठीक, पण माझी एक परीक्षा बाकी होती. ती कशी घ्यावी ते सुचत नव्हतं. पोरीला पाठीवर उभी कर म्हणायला मला तोंड नव्हतं. दारावरचा खडू पावसाने कधीच धुतला, पण मी ते लिहिलेलं विसरलो नाही.

बुधवारी शिवरात्र झाली. आम्ही सगळे इथल्या प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाला गेलो. धनवंताने नवस केला होता, पोरगी आपल्या पायाने चढेल तेव्हा नारळ फोडीन. खुशबू चढली. कोणाचा हात धरला नाही. अर्ध्या वाटेवर दुर्गेश दम खायला थांबला तं त्याले म्हणते, "बाबा, तुमी काऊन थकून राहिले? तुमचे पाय वाकडे आहेत का?" मागून चढणारे लोक हसले. धनवंता पदर तोंडाला लावून रडत चढली. नारळ फोडला.

उतरताना पोरगी झोपेला आली. मी तिला पाठुंगळी घेतली. सूनबाई "मामाजी, नका" म्हणत राहिली. सत्तर पायऱ्या उतरलो अन् कमरेत अशी चमक भरली का मला दोघांनी धरून गाडीत टाकलं.

काल दुपारी ओसरीत पालथा पडलो होतो. सूनबाई शेकायला गरम पाणी घेऊन आली. तेवढ्यात खुशबू शाळेतून आली, चपला काढल्या अन् विचारलं, "आजोबाले काय झालं?" सूनबाईने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग तीच म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या पाठीवर उभी राह्य. हळू."

मी डोळे मिटले. आधी उजवा पाय आला. मग डावा.

बाई, पुरा लागला. अंगठ्यापासून टाचेपर्यंत. टाच तं अशी रुतली का मी ओरडलो. धनवंता धावत आली, "दुखलं का?" म्हणे. मी म्हटलं, "नाही वो, उभी राहू दे."

चमक काही गेली नाही. अजून वाकूनच लिहितो आहे. तू सांगतलं तसं आणखी तीन-चार दिवसांत उतरेल.

तुझा,
हीरालालकाका